कोड बदलला की सर्व्हरने स्वतःहून थांबायचं, हे नेमकं कसं चालतं

फाइल उघडली, एक ओळ बदलली, सेव्ह केलं, ब्राउझर रिफ्रेश केला आणि समोर तेच जुनं. मग परत सेव्ह, परत रिफ्रेश, कॅशे साफ करून बघा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा, आपण भलतीच फाइल तर एडिट करत नाही ना म्हणून पाथ तपासा, आणि शेवटी कोणीतरी विचारतं की सर्व्हर रिस्टार्ट केला का, आणि तिथे गाडी येऊन थांबते. सर्व्हर प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला यातून जावं लागतं, पण "रिस्टार्ट कर" एवढंच सगळे सांगतात, का करायचं ते फारसं कोणी सांगत नाही. आणि ते एकदा कळलं ना, की हे काम आपोआप कसं करून घ्यायचं आणि ते करताना काय काय बिघडू शकतं हेही आपसूक कळत जातं.

तर कारण असं की चालू असलेला प्रोग्रॅम आणि डिस्कवरची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रॅम सुरू होताना फाइल एकदा वाचली जाते, तिचं मेमरीत रूपांतर होतं, आणि त्यानंतर त्या फाइलचं काय झालं याच्याशी प्रोसेसला, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमला, काही देणंघेणं नसतं. पायथनमध्ये एखादं मॉड्यूल एकदा इम्पोर्ट झालं की ते सिस डॉट मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत जाऊन बसतं, आणि पुढच्या वेळी कोणी तेच इम्पोर्ट केलं तर डिस्ककडे कोणी जातच नाही, थेट तिथूनच उचलून दिलं जातं. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मॉड्यूल आणणाऱ्या रिक्वायरचा कॅशे असतो, तोही हेच करतो. म्हणजे तुम्ही फाइल बदला, नाव बदला, अगदी डिलीट करून टाका, चालू असलेली प्रोसेस तिच्या मेमरीतल्या जुन्या कोडवर निवांत चालत राहते.

मग पीएचपीत हा त्रास का होत नाही, असं बरेच जण विचारतात. कारण तिथे मूळ पद्धतच वेगळी आहे, प्रत्येक रिक्वेस्टला स्क्रिप्ट पहिल्यापासून चालते आणि काम झालं की सगळं पुसलं जातं. ऑपकॅशे चालू असेल तर कंपाइल केलेला कोड साठवलेला असतो, पण तोही डीफॉल्ट सेटिंगमध्ये दर २ सेकंदांनी फाइलची वेळ तपासून घेतो. १९९३ साली आलेल्या सीजीआयचंही, म्हणजे वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवायच्या जुन्या पद्धतीचंही, असंच होतं, रिक्वेस्ट आली की नवी प्रोसेस, उत्तर दिलं की प्रोसेस संपली. कोड बदलला की पुढच्याच रिक्वेस्टला नवा कोड, कसली कटकट नाही. पण दर वेळी नवी प्रोसेस उभी करायची, लायब्ररी लोड करायच्या, डेटाबेसला नव्याने जोडायचं, हे फार महाग पडायला लागलं आणि म्हणून त्याच दशकात फास्टसीजीआय आणि तत्सम पद्धती आल्या ज्यात एकच प्रोसेस जिवंत राहते आणि एकामागून एक रिक्वेस्ट घेत बसते. वेग मिळाला, आणि त्याच्याबरोबर जुना कोड चिकटून राहण्याचं दुखणंही आलं. आजचे जॅंगो, एक्सप्रेस, रेल्स वगैरे वेब फ्रेमवर्क सगळे या दुसऱ्या प्रकारातले.

आता उपाय काय, तर पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो असा की प्रोसेस चालूच ठेवू आणि बदललेली फाइल तेवढी परत लोड करू. ऐकायला छान वाटतं, आणि पायथनमध्ये त्यासाठी रीलोड नावाचं फंक्शनही आहे. पण ते प्रत्यक्षात काय करतं ते जरा जवळून बघू. समजा तुमच्याकडे ऑर्डर नावाचा क्लास आहे आणि मेमरीत त्याचे काही ऑब्जेक्ट आधीच तयार झालेले आहेत. आता तुम्ही मॉड्यूल रीलोड केलं, ऑर्डर नावाचा नवा क्लास तयार झाला, पण ते जुने ऑब्जेक्ट जुन्याच क्लासला बांधलेले राहतात. मग कुठेतरी कोड विचारतो की ही वस्तू ऑर्डर आहे का, आणि उत्तर येतं नाही, कारण नाव तेच असलं तरी क्लास दुसरा आहे. दुसऱ्या एखाद्या फाइलने आधीच ते फंक्शन नावानिशी इम्पोर्ट करून ठेवलं असेल तर तिच्याकडे जुनंच फंक्शन राहतं. मॉड्यूल लोड होताना एखादा टायमर सुरू होत असेल किंवा एखादा हँडलर रजिस्टर होत असेल तर तो आता दोनदा होतो, आणि मग एकाच ऑर्डरचे दोन ईमेल जातात आणि कोणाला कळत नाही की का. असे बग शोधणं फार वाईट काम आहे, कारण प्रोसेस नव्याने सुरू केली की ते गायबच होतात.

एर्लँगसारख्या भाषांमध्ये चालू प्रोसेसमध्ये कोड बदलणं नीट जमतं, पण तिथे ती सोय पहिल्यापासून भाषेच्या पायात घातलेली आहे, एका मॉड्यूलच्या जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात आणि कोणी कधी उडी मारायची याचे नियम आहेत. बाकीच्या भाषांमध्ये ते वरून चिकटवलेलं असतं.

म्हणून माझं ठाम मत असं की सर्व्हरला स्वतःला बदलायला लावू नये, त्याला फक्त थांबायला शिकवावं. कोड बदललाय असं दिसलं की हातातलं काम संपवायचं आणि बंद व्हायचं, बस. परत उभं करायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी. मेमरी पूर्ण रिकामी झाली, सगळं पहिल्यापासून लोड झालं, म्हणजे जुनं-नवं मिसळायचा प्रश्नच उरत नाही. आणि थांबायचा कोड लिहायला जेमतेम काही ओळी लागतात, रीलोडच्या भानगडीत मात्र आठवडे जातात.

याचं सगळ्यात सुटसुटीत रूप पर्लच्या फास्टसीजीआय स्क्रिप्टमध्ये बघायला मिळतं. पर्लमध्ये मायनस एम अशी एक फाइल टेस्ट आहे, ती सांगते की आपला प्रोग्रॅम सुरू झाला त्या क्षणी ही फाइल बदलून किती दिवस झाले होते. साधारणपणे हा आकडा पॉझिटिव्ह असणार, कारण फाइल आधी लिहिली, प्रोग्रॅम नंतर सुरू झाला. पण प्रोग्रॅम चालू असताना कोणी फाइल बदलली तर तो आकडा शून्याच्या खाली जातो. मग रिक्वेस्टच्या लूपमध्ये एकच ओळ टाकायची, की हा आकडा शून्यापेक्षा कमी झाला तर लूपमधून बाहेर पड. प्रोसेस संपते, आणि वेब सर्व्हरचा प्रोसेस मॅनेजर पुढच्या कामासाठी नवी प्रोसेस काढतो जी नवा कोड वाचून सुरू होते. वेगळं टूल नाही, वेगळा वॉचर नाही, खर्च म्हणाल तर एका रिक्वेस्टमागे एक स्टॅट कॉल, म्हणजे फाइलची माहिती विचारणारी छोटी हाक, जो जाणवतही नाही.

ही ओळ लूपमध्ये कुठे टाकायची हे मात्र महत्त्वाचं आहे. रिक्वेस्ट हातात घेतली आणि मग तपासून बाहेर पडलात तर तो बिचारा युजर एरर बघत बसतो. म्हणून उत्तर देऊन झाल्यावर तपासायचं. पण मग एक गंमत दिसते, फाइल बदलल्यानंतरची पहिली रिक्वेस्ट जुनी प्रोसेस घेते, जुन्या कोडने उत्तर देते, मग तपासते आणि संपते, आणि दुसऱ्या रिक्वेस्टला नवा कोड मिळतो. म्हणजे पहिल्या रिफ्रेशला जुनं, दुसऱ्याला नवं. आणि चार वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट घेणाऱ्या चार प्रोसेस, असतील तर चारही जण एकेकदा जुनं उत्तर देऊ शकतात. हे माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. यावर उपाय म्हणजे रिक्वेस्टची वाट न बघता एक छोटा टायमर किंवा वेगळा थ्रेड ठेवायचा जो दर सेकंदाला तपासेल आणि रिकामी बसलेली प्रोसेसही बंद करेल.

आता त्या वेळेच्या तुलनेतला एक सापळा सांगतो, कारण डेव्हलपमेंटमध्ये तो कधीच दिसत नाही आणि सर्व्हरवर गेलं की हमखास दिसतो. समजा सर्व्हरवरची प्रोसेस ११:०० वाजता सुरू झाली. तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर १०:४० ला फाइल बदलून ठेवली होती आणि ती ११:१५ ला आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या टूलने सर्व्हरवर पाठवली, तेही मायनस ए लावून, जे जवळपास सगळेच लावतात. तो ऑप्शन फाइलची मूळ वेळ जपतो, त्यामुळे सर्व्हरवर फाइल नवी आली पण तिच्यावर वेळ लिहिलेली आहे १०:४०. आता प्रोसेस विचारते की ही फाइल ११:०० नंतर बदललीय का, उत्तर नाही, आणि ती जुन्याच कोडवर चालत राहते. टार फाइल उघडली तरी हेच होतं. रोलबॅक करताना तर हे अजूनच वाईट, कारण तिथे तुम्ही मुद्दाम जुनी फाइल परत आणत असता. गिटने चेकआउट केलं तर फाइलला आत्ताची वेळ मिळते म्हणून तिथे हा त्रास होत नाही.

म्हणून "नवी आहे का" असं विचारूच नका, "वेगळी आहे का" असं विचारा. सुरू होताना प्रत्येक फाइलची वेळ आणि साइझ लिहून ठेवायची आणि नंतर त्यात कसलाही फरक दिसला, वेळ पुढे गेलेली असो की मागे, तर थांबायचं. अगदी पक्कं हवं असेल तर फाइलच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, काढून तुलना करता येते, पण ते बहुतेकांना लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा की सगळ्या फाइल सिस्टम सारख्या बारीक वेळ ठेवत नाहीत, एक्स्ट ४ नॅनोसेकंदात नोंद ठेवू शकते पण फॅटमध्ये लिहिण्याची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, म्हणजे पाठोपाठ दोनदा सेव्ह केलं तर दुसरा बदल वेळेवरून कळणारच नाही. साइझ सोबत तपासायची ती यासाठीच.

कोणत्या फाइलींवर लक्ष ठेवायचं

फक्त मुख्य स्क्रिप्टवर लक्ष ठेवलं आणि बदल मात्र तिने इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलमध्ये झाला, तर काहीच होणार नाही. वरच्या पर्लच्या एका ओळीची हीच मर्यादा आहे. पायथनमध्ये लोड झालेल्या सगळ्या मॉड्यूल्सची यादी प्रोसेसकडेच असते आणि बहुतेक मॉड्यूल्सना आपण कोणत्या फाइलमधून आलो हे माहीत असतं, त्यामुळे ती यादी फिरून सगळ्या फाइलींचा हिशेब ठेवता येतो, जॅंगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर साधारण असंच करतो. पण कॉन्फिगच्या फाइली, एन्व्हायर्नमेंटची फाइल, भाषांतराच्या फाइली या मॉड्यूल नसतात, त्या हाताने यादीत घालाव्या लागतात.

आणि दुसऱ्या टोकाला, अख्ख्या फोल्डरवर लक्ष ठेवलं की भलतंच होतं. त्याच फोल्डरमध्ये सर्व्हर स्वतः लॉग लिहीत असेल, किंवा लोकांनी अपलोड केलेले फोटो तिथे पडत असतील, किंवा एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल तिथेच असेल, तर प्रत्येक रिक्वेस्टला फाइल बदलते, सर्व्हर थांबतो, परत सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ लिहितो, त्यामुळे फाइल परत बदलते, परत थांबतो. हे चक्र सुरू झालं की टर्मिनलवर नुसते रिस्टार्टचे मेसेज धो धो येत राहतात. लॉग, अपलोड, टेम्प, गिटचं फोल्डर, नोड मॉड्यूल्स हे सगळं आधीच वगळा.

बदल कळतो कसा

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सारखं जाऊन बघत राहायचं, ज्याला पोलिंग म्हणतात, दर सेकंदाला सगळ्या फाइलींची वेळ विचारायची. जॅंगोचा साधा रीलोडर हेच करतो, सेकंदाला एक फेरी. शेकडो फाइली असतील तरी चालून जातं, दहा हजारांच्या घरात गेलं की लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे कर्नललाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यालाच, सांगून ठेवायचं की या फोल्डरमध्ये काही हललं तर मला उठव. लिनक्समध्ये हे काम इनोटिफाय करतं, ते २००५ साली २.६.१३ या कर्नलमध्ये आलं. मॅकवर एफएसइव्हेंट्स आहे, विंडोजची स्वतःची वेगळी सोय आहे. यात काहीच बदल होत नसेल तर खर्च जवळपास शून्य आणि बदल झाला की लगेच खबर. पण इनोटिफाय फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये आपोआप जात नाही, प्रत्येक फोल्डरवर वेगळा वॉच लावावा लागतो आणि या वॉचना मर्यादा असते. बरीच वर्षं ही मर्यादा एका युजरला ८१९२ होती, ५.११ पासूनच्या कर्नलमध्ये ती मेमरी बघून ठरते आणि बरीच वर गेली. मर्यादा संपली की जो एरर येतो तो लोकांना फार फिरवतो, कारण तो म्हणतो डिव्हाइसवर जागा उरली नाही, मग माणूस डिस्क तपासतो तर डिस्क अर्धी रिकामी. इथे संपलेली असते ती वॉचची संख्या, डिस्क नाही.

आणखी एक ठिकाण जिथे लोक अडकतात. नेटवर्कवरचं फोल्डर माउंट केलेलं असेल आणि बदल दुसऱ्या मशीनवर झाला असेल, तर तुमच्या कर्नलला त्याचा पत्ताच नसतो, इव्हेंट येत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये शेअर केलेलं फोल्डर असेल तरी हाच प्रकार, आणि डॉकरमध्येही, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या टूलमध्येही, काही सेटअपमध्ये होतो. म्हणजे फाइल आत बदललेली दिसते, उघडली तर नवा मजकूर आहे, पण वॉचर ढिम्म. अशा वेळी मुकाट्याने पोलिंग चालू करायचं, बहुतेक टूलमध्ये त्याचा ऑप्शन असतो.

सेव्ह केलं म्हणजे नेमकं काय झालं, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. बरेच एडिटर आहे त्या फाइलवर लिहीतच नाहीत, ते शेजारी एक नवी फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी आणून ठेवतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल राहू नये. चांगली पद्धत आहे, पण तुम्ही वॉच जुन्या फाइलवर लावला असेल तर तो त्या काढून टाकलेल्या फाइलला चिकटून राहतो, पहिला बदल कळतो आणि त्यानंतरचा एकही कळत नाही. म्हणून वॉच फाइलवर न लावता ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर लावायचा. व्हिम तर कधीकधी सेव्ह करायच्या आधी ४९१३ नावाची एक फाइल बनवून लगेच काढून टाकतो, या फोल्डरमध्ये लिहिता येतंय का ते बघायला, आणि वॉचरच्या लॉगमध्ये हा आकडा बघून लोक चक्रावतात.

मग गिटची ब्रँच बदलली की एका झटक्यात दोनशे फाइली बदलतात. प्रत्येक बदलाला थांबून सुरू व्हायला लागलं तर सर्व्हर अर्धा जुना अर्धा नवा कोड घेऊन उठायचा प्रयत्न करतो आणि आपटतो. त्यामुळे पहिली खबर आली की लगेच उडी मारायची नाही, थोडं थांबायचं, दोनतीनशे मिलिसेकंद काहीही हललं नाही अशी शांतता मिळाली की मगच थांबायचा निर्णय घ्यायचा. याला डिबाउन्स म्हणतात, आणि स्वतः वॉचर लिहिणारे हमखास हेच विसरतात.

थांबायचं कसं

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. प्रोसेस थांबवायची म्हणजे लोक सरळ किल मायनस ९ करतात. तो सिग्नल प्रोसेसला ऐकूही येत नाही, कर्नल तिला जागच्या जागी संपवतो. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन अर्धवट असेल तर डेटाबेस ते परत फिरवतो, तिथे वाचतो आपण, पण अर्धी लिहिलेली फाइल कोणी परत फिरवत नाही, आणि पेमेंट गेटवेला पैसे कापायला सांगून झालंय पण आपल्याकडे नोंद व्हायची बाकी आहे अशा क्षणी मारलं तर निस्तरायला माणूसच लागतो.

नीट थांबायचा क्रम असा की आधी टर्म सिग्नल, ज्याचा नंबर १५, तो प्रोसेसला पकडता येतो. तो आला की नवी रिक्वेस्ट घेणं बंद, हातातल्या पूर्ण करायच्या, रांगेतली कामं नोंदवून ठेवायची, डेटाबेसची कनेक्शन बंद करायची आणि मग बाहेर. आणि याला वेळेची मर्यादा हवी, कारण एखादी रिक्वेस्ट अडकलेली असेल तर प्रोसेस कधीच संपणार नाही. प्रत्येक सिस्टम ही मर्यादा आपापली ठरवते, लिनक्सवर सर्व्हर सुरू-बंद करणारा सिस्टमडी डीफॉल्टमध्ये ९० सेकंद वाट बघतो, बरेच कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस ३०, डॉकर फक्त १०, आणि त्यानंतर सगळेच शेवटी ९ नंबर वापरतात. तुमची सगळ्यात लांब चालणारी रिक्वेस्ट २० सेकंद घेत असेल आणि तुम्ही डॉकरवर असाल तर हे गणित आधीच करून ठेवा.

बरं, सिग्नल नेमका पोचतो कोणाला हेही बघा. तुम्ही सर्व्हर एखाद्या शेल स्क्रिप्टमधून किंवा नोडच्या एनपीएम या टूलमधून सुरू केला असेल तर बाहेरची प्रोसेस ती शेल असते आणि तुमचा सर्व्हर तिचं पोर. वॉचर बाहेरच्या शेलला टर्म पाठवतो, ती मरते, आणि पोर मात्र पोर्ट धरून मागे तसंच जिवंत राहतं. मग नवा सर्व्हर उठतो आणि म्हणतो अॅड्रेस आधीच वापरात आहे. हा एरर आला की आधी जुनी अनाथ प्रोसेस मागे राहिलीय का ते शोधा, बहुतेकदा तीच असते. उपाय सोपा आहे, शेल स्क्रिप्टच्या शेवटी सर्व्हरला एक्झेक लावून चालवा, म्हणजे शेलच्या जागीच सर्व्हर बसतो आणि सिग्नल थेट त्यालाच मिळतो.

परत उभं कोण करणार

थांबणारा थांबला, पण उठवणारा झोपलेला असेल तर साइट बंद. सिस्टमडीमध्ये रिस्टार्टची सेटिंग ऑन फेल्युअर अशी ठेवायची पद्धत बरीच आहे, आणि आपली प्रोसेस तर शहाण्यासारखी शून्य एक्झिट कोड देऊन बाहेर पडते, म्हणजे सगळं व्यवस्थित झालं. मग सिस्टमडी म्हणतो की हिने आपलं काम संपवलं, परत कशाला उठवू. तिथे ऑल्वेज ठेवावं लागतं. सुपरव्हायझरडी या तशाच दुसऱ्या टूलमध्येही डीफॉल्टला अनपेक्षित एक्झिट कोड असेल तरच उठवतात आणि शून्य हा अपेक्षित धरलेला असतो, त्यामुळे तिथेही हेच. किंवा कोड बदलला म्हणून थांबताना वेगळा कोड द्यायचा. जॅंगोचा आणि फ्लास्क या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर असंच करतात, आत दोन प्रोसेस असतात, पोराने ३ कोड देऊन जीव सोडला की आई समजते की फाइल बदललीय आणि नवं पोर काढते, दुसरा कुठलाही कोड आला तर आईही बंद होते.

आता नव्या कोडमध्ये एक कंस राहून गेला असेल तर काय होतं बघा. जुनी प्रोसेस, जी मस्त चालत होती, ती थांबली. नवी उठली आणि सिंटॅक्स एररने पडली. परत उठवली, परत पडली. सिस्टमडीचं डीफॉल्ट असं आहे की १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की तो नाद सोडतो, आणि नंतर तुम्ही फाइल दुरुस्त केली तरी तो आपणहून उठवत नाही, हाताने सुरू करावं लागतं. म्हणून थांबायच्या आधी एक पायरी घाला, बदललेली फाइल निदान कंपाइल होते का ते तपासा, पर्लमध्ये मायनस सी आहे, पीएचपीत मायनस एल, पायथनमध्ये पाय कंपाइल, नोडमध्ये चेक. कंपाइल होत नसेल तर जुनी प्रोसेस चालू राहू द्या आणि लॉगमध्ये ओरडून सांगा. यातून सगळ्या चुका पकडल्या जात नाहीत पण सेव्ह करताना राहून गेलेल्या कंसाने साइट पडत नाही एवढं नक्की.

खऱ्या सर्व्हरवर हे वापरायचं का

डेव्हलपमेंटमध्ये डोळे झाकून वापरा, नोडमॉन घ्या, नोडचाच वॉच ऑप्शन २०२२ पासून आहे तो घ्या, युव्हिकॉर्न आणि गुनिकॉर्नला रीलोड ऑप्शन आहे. पण तोच ऑप्शन उचलून खऱ्या सर्व्हरवर नेऊ नका. एक तर फ्लास्कसारख्या ठिकाणी डीबग मोड लावला की रीलोडर आणि डीबगर दोन्ही एकत्र चालू होतात, आणि तो डीबगर ब्राउझरमधून सर्व्हरवर कोड चालवू देतो, मध्ये फक्त एका पिनची आडकाठी. आणि दुसरं म्हणजे डेप्लॉय होत असताना, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढत असताना, फाइली एकेक करून येतात. चाळीसपैकी पंधरा आल्या आणि सर्व्हर थांबून उठला, तर त्याच्या हातात पंधरा नव्या आणि पंचवीस जुन्या, आणि नवं फंक्शन जुन्या फाइलमध्ये शोधत तो आपटतो. डिबाउन्स इथे पुरत नाही, नेटवर्क मध्येच दोन सेकंद अडकलं की संपलं.

यावर मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे सगळ्या फाइलींवर लक्ष ठेवायचंच नाही, एकाच फाइलवर ठेवायचं आणि ती फाइल डेप्लॉयच्या अगदी शेवटी टच करायची, म्हणजे मजकूर न बदलता तिची वेळ फक्त आत्ताची करायची. पॅसेंजर या ॲप सर्व्हरमध्ये टेम्प फोल्डरमधली रिस्टार्ट डॉट टीएक्सटी ही फाइल याच कामासाठी असते. अपाचेच्या मॉड डब्ल्यूएसजीआयमध्ये डेमन मोड असेल तर मुख्य स्क्रिप्ट टच केली की प्रोसेस स्वतः थांबून नव्याने उठते. यूडब्ल्यूएसजीआयमध्ये टच रीलोड आहे. म्हणजे थांबायचा निर्णय फाइल बदलण्यावरूनच होतो पण तो कधी व्हायचा हे तुमच्या हातात राहतं. आणि त्याला जोड म्हणून नवा कोड नव्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवायचा आणि मग सिमलिंक, म्हणजे चालू फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, एका झटक्यात तिकडे वळवायची, म्हणजे अर्धवट अवस्था कोणाला दिसतच नाही.

थांबणं आणि उठणं यांच्या मधल्या एकदोन सेकंदांत जे लोक येतात त्यांचं काय, हाही प्रश्न आहेच. प्रोसेस मेली की तिचा ऐकणारा सॉकेट, म्हणजे नवी कनेक्शन जिथे येतात ते दार, बंद होतो आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तो ५०२ हा एरर दाखवतो. उपाय म्हणजे सॉकेट दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवायचा. सिस्टमडीची सॉकेट ॲक्टिव्हेशन हेच करते, सॉकेट सिस्टमडीच्या हातात, तुमची प्रोसेस येते-जाते, मधल्या काळात आलेली कनेक्शन रांगेत थांबतात आणि नवी उठली की तिला मिळतात. गुनिकॉर्नमध्ये मास्टर प्रोसेस सॉकेट धरून असते आणि हप सिग्नल दिला की वर्कर बदलते, फक्त प्रीलोड ऑप्शन लावलेला असेल तर हपने नवा कोड लोड होत नाही, हे लोकांना फार उशिरा कळतं. आणि ज्या सर्व्हरने सेशन, कार्ट किंवा मोजण्या स्वतःच्या मेमरीत ठेवल्यात त्याला असं थांबवलं की ते सगळं जातं, ते आधी डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात हलवा. वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझरशी सतत चालू राहणारी जोडणी, तुटणारच, त्यामुळे ब्राउझरच्या बाजूने परत जोडायचा कोड असलाच पाहिजे.

हे सगळं लावून झालं की लॉगमध्ये दोन ओळी नक्की घाला. सुरू होताना एक, प्रोसेस आयडी आणि कोडची आवृत्ती सांगणारी. थांबताना एक, कोणती फाइल बदलली म्हणून थांबतोय, तिची आधीची वेळ काय होती आणि आता काय आहे ते सांगणारी. नुसतं "रिस्टार्ट होतोय" असं लिहिलं तर पुढे त्याचा काही उपयोग नसतो. पण फाइलचं नाव दिसलं की रात्री तीन वाजता सर्व्हर का थांबला याचं उत्तर लॉग उघडताक्षणी मिळतं, लॉग रोटेट झाला होता, बॅकअपने फाइलची वेळ बदलली होती, की कोणी खरंच सर्व्हरवर जाऊन फाइल एडिट केली होती.